वास्तू तथास्तु म्हणते

आयर्लंडमधल्या मराठी लोकांना माझ्या धंद्याबद्दल जे ठाऊक आहे ते बहुतेक खरं आहे. साठी जवळ आल्यावर मी तो सुरू केला. ज्यांचे हातपाय चालत नाहीत, ज्यांचा आवाज गेला आहे, अशांच्या घरी जाऊन मी यंत्रं बसवली. मंडळाच्या कार्यक्रमात मला शाल दिली, तेही खरं.

डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनमधल्या त्या मुलीबद्दल जे ठाऊक आहे ते मात्र खरं नाही. ती मुलगी म्हणजे चाळिशीची बाई, पण मी तिला मुलगीच म्हणायचो. एका दुपारी ती घरात गुदमरली आणि शेजारी बसलेल्या आयरिश मदतनीस बाईला ते कळलं नाही, असं सगळे समजून आहेत. त्या बाईला ते कळू नये अशी सोय मी करून ठेवली होती. मुद्दाम नव्हे. पण केली होती मीच.

धंद्याची कल्पना माझी नाही. माझा मेहुणा न्यू जर्सीत अपंगांसाठी लागणाऱ्या साधनांचा व्यवसाय करतो. तिथं गरीब आणि अपंग माणसांच्या उपचारांचा खर्च मेडिकेड नावाच्या सरकारी योजनेतून होतो आणि त्याचं सगळं दुकान त्या योजनेवर चालतं. आम्ही त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा त्यानं मला एका घरी नेलं. मानेखाली लुळा झालेला एक तरुण गालानं एक बटण दाबून दिवे लावत होता, पडदे उघडत होता, आईला हाक मारत होता. परत येताना मेहुणा म्हणाला, "भावोजी, यात गिऱ्हाइकाच्या खिशाला हात लावावा लागत नाही. सरकार देतं. फक्त मंजुरी नीट घ्यायची आणि मंजूर झालेल्याला नंतर हात लावायचा नाही."

हे दुसरं वाक्य त्यानं सहज म्हटलं होतं. मला आता ते रोज आठवतं.

माझी बायको नावनच्या रुग्णालयात डॉक्टर होती, तिच्या नोकरीमुळेच आम्ही या देशात आलो. मी डब्लिनमधल्या एका कंपनीत इंजिनिअर होतो, ती कंपनी गाशा गुंडाळून गेली आणि मी घरी बसलो. इथं मेडिकेड नाही, पण सरकारी आरोग्यसेवा आहे आणि अशा साधनांचा खर्च ती उचलते. वाचातज्ज्ञ, म्हणजे स्पीच थेरपिस्ट, किंवा तसंच कुणी शिफारस करतं, पुरवठा करणारा माणूस सरकारच्या यादीत असावा लागतो. यादीत यायला मला बरेच महिने लागले. नावनच्या घरामागच्या गॅरेजमध्ये मी टेबल टाकलं आणि सोल्डरिंगचं सामान मांडलं. बायको म्हणायची, "निवृत्त झाल्यावर लोक गोल्फ खेळतात, हे गॅरेजमध्ये धूर करतात."

माझा हात चांगला होता. लोक खूश होते. एका म्हाताऱ्या मास्तरांना मी भुवई उचलून दार उघडता येईल असं करून दिलं, तर ते दिवसभर दार उघडबंद करत बसायचे. असं सगळं चाललेलं असताना ॲडम्सटाउनहून फोन आला.

नवरा-बायको दोघंही पुण्याचे, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. तिला मज्जातंतूंचा तो आजार झाला होता, ज्यात शरीर एकेक खोली बंद करत जातं आणि बुद्धी आत तशीच जागी राहते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिचे हात गेले होते आणि बोलणं जड झालं होतं. रेल्वे स्टेशनापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर त्यांचं घर, एकसारख्या घरांच्या रांगेतलं. खालच्या बैठकीच्या खोलीत तिचा पलंग. पलंगासमोरच्या खिडकीतून समोरच्या घराची अगदी तशीच खिडकी दिसायची आणि तिचा पडदा कायम ओढलेला असायचा.

"काका, तिथं कोण राहतं ते मला सात वर्षांत कळलेलं नाही," ती म्हणाली. "आता कळेल. दुसरं कामच नाही."

तिच्या सासूबाई कराडहून मुद्दाम येऊन राहिल्या होत्या. सुनेची वेणी घालणं, पाय चोळणं, पातळ करून भरवणं, सगळं त्या करत. सरकारकडून दिवसा काही तास एक मदतनीस बाई यायची, पन्नाशीची, मूळची नावनकडचीच. कशी आहे विचारलं की ती "ग्रँड" म्हणायची, पाऊस पडला तरी ग्रँड, चहा सांडला तरी ग्रँड. सासूबाईंनी तिचं नाव ग्रँडबाई ठेवलं होतं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण प्रेसमध्ये, कपाटाला इथं प्रेस म्हणतात, कुठला डबा कुठं ठेवायचा यावरून त्या दिवसभर भांडत असत आणि ते भांडण दोघींनाही आवडत असावं.

मी बसवणार होतो ते डोळ्यांनी चालणारं बोलकं यंत्र. पडद्यावर चौकटी असतात, प्रत्येकीत एक वाक्य. पडद्याखालचा कॅमेरा बुबुळं टिपतो आणि माणूस बघेल तिथं एक लहान वर्तुळ फिरतं. चौकटीवर नजर थोडा वेळ ठरली की यंत्र ते वाक्य बोलतं. अक्षरं जुळवून हवं ते लिहिताही येतं, पण त्याला वेळ लागतो, चित्त शांत लागतं. जीव घाबरा झाला की नजर ठरत नाही. म्हणून खालच्या उजव्या कोपऱ्यात एक मोठी लाल चौकट ठेवायची रीत आहे. तिच्यावर नजर नुसती गेली तरी यंत्र मोठ्यानं ओरडतं आणि कुणी येऊन बंद करेपर्यंत ओरडत राहतं.

मराठी बोलणारा चांगला यांत्रिक आवाज मला मिळाला नव्हता. आम्ही ठरवलं की तिचा स्वतःचा आवाज आहे तोवर तिच्याच तोंडून वाक्यं भरून घ्यायची. प्रत्येक चौकटीत वर मराठी, खाली इंग्रजी, म्हणजे मदतनीस बाईला वाचता येईल. मी दर शनिवारी मायक्रोफोन घेऊन जायचो. उशी उंच करा. पाय सरळ करा. खिडकी उघडा. टीव्ही नको. आई, आमटीत गूळ जास्त झालाय. हे शेवटचं तिनं सासूबाईंना ऐकू जाईल असं म्हटलं आणि आतून आवाज आला, "जास्त न्हाई झाला, तुझ्या जिभंला काय कळतंय!"

एका शनिवारी तिनं लाल चौकटीचं वाक्य भरलं. "मला श्वास घेता येत नाहीये. लवकर या." आवाज जड होता, शब्दांच्या कडा झिजल्या होत्या. मी म्हणालो, पुन्हा एकदा म्हण, जरा स्पष्ट. ती पुन्हा म्हणाली. सासूबाई हातातली पळी तशीच घेऊन बाहेर आल्या.

"आगं, आसलं घरात बोलू न्हाई. वास्तू तथास्तु म्हणती."

"आई, मी टेस्टर आहे," ती हळूहळू, एकेक शब्द वेचत म्हणाली. "आमच्यात आधी बिघडलेलंच तपासतात. चालतंय ते काय, कुणीही बघतं."

"तुझ्या हापिसात तपास काय तपासायचं ते. ह्ये घर हाय."

मी हसलो. मला त्या बाईंचं म्हणणं नवं नव्हतं. माझ्या आईसमोर कुणी गमतीनं "मेलो" म्हटलं तर ती तोंडावर हात ठेवायची. आमच्याकडे निघताना "जातो" म्हणत नाहीत, "येतो" म्हणतात. दिवा विझवला म्हणत नाहीत, बांगडी फुटली म्हणत नाहीत. घर ऐकत असतं, आणि जे ऐकेल त्याला तथास्तु म्हणतं. चाळीस वर्षं मी यंत्रं बनवली, तरी हे माझ्या आत कुठेतरी होतंच.

उन्हाळा संपेतो तिचा आवाज पूर्ण गेला. यंत्र आलं, बसलं. वाचातज्ज्ञ येऊन गेली, प्रत्येक चौकट तिनं स्वतः पाहिली, लाल चौकट दोनदा चालवून बघितली आणि मंजुरी दिली. नंतर काही बदल करायचा झाला तर तिला कळवायचं, असा नियम होता.

त्यानंतर मदतनीस बाईला मी शिकवलं. हे मी नीट सांगतो, कारण पुढं सगळं यावर आलं. अशा माणसांजवळ राहणारे लोक प्रेमापोटी अंदाज बांधतात. तहान लागली असेल, थंडी वाजत असेल, असं म्हणून स्वतःच ठरवतात, आणि आजारी माणूस आतल्या आत संतापतो. म्हणून आमच्या कामात पहिला धडा असतो, अंदाज बांधू नका. मी तिला म्हणालो, "ती जे म्हणेल ते करा. न म्हटलेलं ओळखायला जाऊ नका. तिला काही हवं असेल तर ती सांगेल."

"आणि तिनं काही सांगितलंच नाही तर?" तिनं विचारलं.

"सांगेल. सगळं आहे त्यात."

"ग्रँड," ती म्हणाली.

त्या दिवशी खरोखरच सगळं होतं त्यात. लाल चौकट मी तिला वेगळी दाखवली नाही, ती ओरडली की कळेलच असं मला वाटलं.

हिवाळ्याच्या तोंडाशी नवऱ्याचा फोन आला. यंत्र धरून ठेवणारा दांडा सैल झालाय, येऊन जाल का काका. मी गेलो. दुपारचे चार वाजले नव्हते तोच बाहेर अंधारून आलं होतं. सासूबाईंचा चेहरा उतरलेला होता. मला त्यांनी आत, स्वयंपाकघरात बोलावलं.

"दादा, त्ये लाल तेवढं काढा."

आदल्या संध्याकाळी काय झालं ते त्यांनी सांगितलं. तिन्हीसांजेला त्या देवापाशी दिवा लावत होत्या. तेवढ्यात बैठकीच्या खोलीतून सुनेचा आवाज घरभर घुमायला लागला, श्वास घेता येत नाहीये, लवकर या, श्वास घेता येत नाहीये, लवकर या. धावत गेल्या तर ती ठीक होती. नजर चुकून कोपऱ्यात गेली होती. पण यंत्र कसं बंद करायचं हे त्यांना सुधरेना, आणि ते बोलतच राहिलं.

"दिवा लावायच्या टायमाला, दादा. तिच्याच तोंडानं. किती येळा म्हणाली आसंल, मोजलंबी न्हाई मी." त्यांनी देवाच्या दिशेनं हात केला. "हिथं माजं कोन हाय? देव हाय आन ह्ये घर हाय. त्यानं तथास्तु म्हटलं मंजी?"

नवरा दारात उभा होता. लॅपटॉप उघडाच हातात, मीटिंगमधून उठून आलेला. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "काका, आत्ता राहू द्या. आई जेवली नाहीये कालपासून. नंतर घालू परत."

उपाय सोपा होता. त्या चौकटीवर नजर किती वेळ थांबावी लागेल ते वाढवलं असतं तर चुकून लागणं थांबलं असतं. बसल्या बसल्या झालं असतं. मला ते माहीत होतं. मी ते केलं नाही. सासूबाईंना नाही म्हणणं मला जमलं नाही, हे एक कारण, आणि ते मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. दुसरं असं की मलाही ते वाक्य तिथं नको होतं. त्या घरात शिरलं की मला त्या कोपऱ्याकडे बघवत नसे.

यंत्रात बदल करताना पडदा आपल्याकडे वळवून घ्यावा लागतो. म्हणजे तेवढा वेळ ती मुकी. मी पलंगाकडे पाठ करून बसलो आणि काम केलं. तिला विचारलं नाही. तिला विचारायचं असतं हे मी लोकांना शिकवत असे.

काम झाल्यावर पडदा तिच्याकडे वळवला आणि दांडा घट्ट केला. तिनं सगळ्या चौकटींवरून नजर फिरवली. मग ते लहान वर्तुळ खाली उजव्या कोपऱ्यात गेलं आणि रिकाम्या जागेवर जाऊन थांबलं. वर आलं, माझ्या चेहऱ्याच्या दिशेनं पडद्याच्या कडेपर्यंत आलं, आणि पुन्हा कोपऱ्यात गेलं.

"काका, कॅलिब्रेशन हललंय का? नजर भलतीकडेच दाखवतंय." नवऱ्यानं विचारलं.

"असेल," मी म्हणालो. "बघतो पुढच्या वेळी."

मी "येतो" म्हणून निघालो. तिनं उत्तर दिलं नाही. तिच्याकडे "या काका" अशी चौकट होती.

वाचातज्ज्ञेला मी कळवलं नाही. मदतनीस बाई त्या दिवशी लवकर गेली होती, तिलाही कुणी काही सांगितलं नाही. गाडी चालवत नावनला येताना मी मनाशी म्हणत होतो, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, सासूबाई सावरल्या की घालू. घरी आलो तर बायकोनं विचारलं, "कशी आहे?" आणि मी म्हणालो, "ग्रँड."

पुढच्या वेळी गेलो तेव्हा कुणी विषय काढला नाही. मीही काढला नाही. त्याच्या पुढच्या वेळी जाण्याआधीच ती दुपार आली.

सासूबाई वरच्या मजल्यावर जरा आडव्या झाल्या होत्या. नवरा ऑफिसात गेला होता. मदतनीस बाई खुर्चीत विणकाम घेऊन बसली होती. नंतर तिनं चौकशीत सांगितलं ते असं. तिनं खिडकी उघडा म्हटलं, मी खिडकी उघडली. उशी उंच करा म्हटलं, मी केली. पाय सरळ करा म्हटलं, मी केले. परत खिडकी म्हणाली, मी म्हटलं, अगं पूर्ण उघडी आहे. चेहरा तिचा हलत नसेच, मला कसं कळणार? मग ती काही बोलेना. नुसतं ते बटणाएवढं वर्तुळ खाली कोपऱ्यात जायचं, परत जायचं, परत जायचं. तिथं काहीच नव्हतं. मला वाटलं, यंत्र बिघडलं.

नवरा रेल्वेतून उतरून चालत घरी आला तेव्हा बायकोचे ओठ निळे पडले होते. त्यानं रात्री लावायचा श्वासाचा मास्क तिच्या तोंडावर दाबला, ॲम्ब्युलन्स बोलावली. ती रुग्णालयात काही दिवस होती. शुद्धीवर आली नाही.

फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. बायको डॉक्टर, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. "लाल चौकट होती ना?"

"होती," मी म्हणालो.

तिनं पुढं विचारलं नाही. तिला शंका आली नसेल असं मला वाटत नाही. बायको जाईपर्यंत आम्ही त्यावर पुन्हा बोललो नाही, आणि आता विचारायला ती नाही.

चौकशी एका साध्या खोलीत झाली. लांब टेबल, बिस्किटांची बशी. मला फक्त यंत्राबद्दल विचारलं. मदतनीस बाई यंत्र बिघडल्याचं म्हणते, तुमचं काय मत? ती समोर बसली होती, दोन्ही हात मांडीवर. मी म्हणालो, यंत्रात दोष नव्हता. मी ते नंतर तपासलं आहे, कॅमेरा बरोबर काम करत होता.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. कुणी विचारलं असतं की कोपऱ्यात काय असायला हवं होतं, तर मी सांगितलं असतं, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. मंजुरी देणारी वाचातज्ज्ञ तोवर नोकरी सोडून गेली होती. कुणी विचारलं नाही. नवरा माझ्या शेजारी होता. तोही बोलला नाही. त्याची आई घरी जप करत बसली होती, आणि आम्हा दोघांनाही माहीत होतं की आम्ही बोललो तर ते जाऊन कुणाच्या डोक्यावर पडेल.

निष्कर्ष निघाला की जवळच्या व्यक्तीनं लक्षणं ओळखायला हवी होती. त्या बाईचं काम गेलं. तिच्या गावात, जिथं सगळे सगळ्यांना ओळखतात, लोक तिच्या तोंडावर काही बोलत नसत, पण आजाऱ्याजवळ बसायला तिला कुणी बोलावलं नाही.

मी मात्र त्याच आठवड्यात माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी गेलो. आणखी दोन मराठी घरांत मी तिच्या पडद्यावरचं मराठी चौकटींचं पान तसंच दिलं होतं, लाल चौकटीशिवाय, कारण तेच सोयीचं होतं. तिथं मी ती परत घातली. का, असं विचारलं तर म्हणालो, सरकारचा नियम आहे.

सासूबाई कराडला परत निघाल्या त्या दिवशी मी विमानतळावर गेलो होतो. त्यांनी माझा हात धरला. "दादा, मी वाईट शब्द घरातनं काढला हो. तरी आसं कसं झालं?"

त्या खरोखरच विचारत होत्या. त्यांना कळलेलं नव्हतं, आणि कळू नये म्हणून आम्ही दोघं गप्प होतो. मी म्हणालो, "तुमचा काही दोष नाही." हेही खरंच होतं, म्हणून तर मला ते सहज बोलता आलं.

धंदा मी पुढं चालवला. वाढवला. शाल त्यानंतरची आहे.

या वर्षाच्या सुरुवातीला नवऱ्याचा फोन आला. तो आता कॅनडात असतो. आई गेली, म्हणाला. थोडा वेळ आम्ही कराडच्या गोष्टी बोललो. मग तो म्हणाला, "काका, आई होती तोवर मी बोललो नाही. तुम्हीही नाही बोललात, त्याबद्दल मी तुमचे आभार मानायचो मनात. आता वाटतं, मानायला नको होते."

"मी जाऊ का तिच्याकडे?"

"जा. माझंही सांगा. मी दारात उभा होतो म्हणून सांगा."

मदतनीस बाई डंडॉकला राहायला गेली होती. आमच्या नावनमधल्या एका शेजारणीकडून मला तिचा ठावठिकाणा मिळाला. मी फोन करून गेलो. दार तिनंच उघडलं. ती खूप वाळली होती. मला आत घेतलं, चहा ठेवला, पाऊस आहे म्हणाली. ग्रँड म्हणाली नाही.

मी सगळं सांगितलं. लाल चौकट, दिवा लावायची वेळ, पाठ करून बसलो ते, कोपऱ्यात थांबलेलं वर्तुळ, चौकशीतलं माझं उत्तर. दारात उभा असलेला नवरा. माझं संपल्यावर तिनं कप बाजूला सरकवला.

"म्हणजे तिथं काहीतरी होतं," ती म्हणाली. "जी चौकट बोलायची तेवढीच मी वाचायचे. ती माझ्यासमोर कधी बोलली नाही."

"हो."

"आणि तिला ते आठवत होतं."

"हो."

"इतकी वर्षं मी रोज ती खिडकी उघडते. स्वप्नात. उघडीच असते आणि मी परत उघडते." मग तिनं मान वर केली. "तुम्ही मला सांगितलं होतंत, अंदाज बांधू नका."

"सांगितलं होतं."

"मी बांधला होता अंदाज. तुम्हाला माहीत आहे? मला वाटलं होतं की हिला काहीतरी होतंय. आणि मग मला तुम्ही आठवलात. म्हटलं, नाही, शहाणपणा करू नकोस, तिला हवं असेल तर ती सांगेल." ती हसली, पण ते हसू नव्हतं. "खुर्चीतून अर्धी उठले होते मी. परत बसले."

हे मला माहीत नव्हतं. चौकशीत तिनं ते सांगितलं नव्हतं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिनं हात वर केला.

"माफी नको. ज्यांनी माझ्याबद्दल लिहिलं त्यांना लिहून द्या. तुमच्या नावानं."

"लिहिलंय. इथं येण्याआधी टपालात टाकून आलो."

तिनं मान हलवली. बाहेर पाऊस वाढला होता. ती म्हणाली, "काय होतं त्या चौकटीत?"

मी इंग्रजीत सांगितलं.

"असं नाही. तिच्या भाषेत. तिच्या आवाजात ती जे म्हणाली असती ते."

स्वयंपाकघर लहान होतं. शेगडीवर केटल, भिंतीवर तिच्या नातवंडांचे फोटो. माझी जीभ वळेना. या वयात, एवढं सगळं करून, मी त्या घराकडे बघत होतो आणि मला वाटत होतं, इथं नको. हिच्या घरात नको. बाहेर अंगणात जाऊन सांगू का, असं मी तिला विचारणारच होतो.

"म्हणा," ती म्हणाली.

मी म्हणालो. मला श्वास घेता येत नाहीये. लवकर या.

तिनं ते म्हणून पाहिलं. चुकलं. पुन्हा म्हणा म्हणाली, मी पुन्हा म्हणालो. ती माझ्या ओठांकडे बघत होती, तशीच त्या दुपारी ती पडद्याकडे बघत असेल. मोठ्यानं म्हणा, म्हणाली. मग आम्ही दोघं ते म्हणत राहिलो, एकदा मी, एकदा ती, त्या लहानशा स्वयंपाकघरात, तिला ते नीट येईपर्यंत.